पश्चिमेची भिंत आणि बदामी रंग

२०२४ च्या मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात अकोला जिल्ह्यात कलम १४४ लागू झाले, आणि ते उन्हामुळे. पारा ४५ अंशांच्या वर गेला होता, म्हणून कामगारांना पाणी-सावली द्या, शिकवण्यांच्या वेळा बदला असे सांगायला प्रशासनाला कायद्याचा आधार घ्यावा लागला. ज्या मुलखात उन्हासाठी हुकूम निघतो, तिथे घराला रंग देताना मात्र उन्हाचा विचार बहुधा शेवटी होतो. शेड कार्ड उघडले जाते, घरातली चार माणसे चार बोटे ठेवतात, आणि वाद होतो तो ‘क्रीम फार जुनाट वाटतो’ आणि ‘चॉकलेटी फार अंगावर येतो’ या दोन टोकांमध्ये. हा वाद फिकट आणि गडद यांच्यातला असतो. लाल-निळ्याच्या वाटेला फारसे कोणी जात नाही. अमरावती आणि अकोल्याच्या नव्या वस्त्यांमधून फिरले की हस्तिदंती, बदामी, बिस्किटी, गव्हाळ, मातकट, विटकरी, कॉफी अशीच ओळ दिसते. ज्यांना कोणताच रंग भडक नको, पण पांढऱ्याचा कोरडेपणाही नको, अशा लोकांचे हे उबदार, सौम्य रंग. त्यातला फिकट घ्यावा की गडद, याचे उत्तर वऱ्हाडात आवडीनिवडीवर सोडता येत नाही, असे मला वाटते. ते भिंतीगणिक वेगळे निघते, आणि भिंत कोणत्या दिशेला तोंड करून उभी आहे यावर ते ठरते.

आधी हे रंग बनतात कसे ते पाहू. गेरू, काव आणि पिवडी या तिन्ही जुन्या रंगमात्यांमध्ये रंग आणणारा पदार्थ एकच, लोखंडाची ऑक्साइडे. आज दुकानातले यंत्र डब्यात जे थेंब सोडते त्यातही पिवळे ऑक्साइड, तांबडे ऑक्साइड आणि थोडा काळा असतो. खाली पांढरा पाया टायटॅनियम डायऑक्साइडचा. पांढरे जास्त आणि थेंब कमी, की बदामी. पांढरे जवळजवळ नाही आणि थेंब भरपूर, की चॉकलेटी. लोखंडी ऑक्साइडे उन्हात सहसा विटत नाहीत, त्यामुळे भडक पिवळ्या-गुलाबी रंगांपेक्षा ही सगळी मंडळी बाहेरच्या भिंतीवर टिकाऊ ठरतात. फिकट आणि गडद यांतले अंतर मोजायला एक आकडाही आहे. अंगावर पडलेल्या उजेडातला किती भाग हा रंग परत पाठवतो, ते शेकड्यात सांगणारा. रंगाच्या धंद्यात त्याला एलआरव्ही म्हणतात, आणि बऱ्याच कंपन्या प्रत्येक छटेपुढे तो देतात. ढोबळमानाने हस्तिदंती किंवा क्रीम ७५ ते ८० च्या घरात, बदामी-बिस्किटी ५५ ते ६५, गव्हाळ ४० च्या आसपास आणि कॉफी १० ते १५. छटांची नावे कंपनीगणिक बदलतात, कधी कधी तर नावावरून रंगाचा अंदाजही येत नाही. म्हणून नावापेक्षा हा आकडा विचारावा.

आता ऊन. अकोला साधारण २०.७ अक्षांशावर आहे आणि अमरावती २०.९ वर. सूर्य उत्तरेकडे २३.४ अंशांपर्यंत जातो, त्यामुळे मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात तो या दोन्ही गावांच्या बरोबर डोक्यावर येतो. त्या दुपारी सव्वाबाराच्या सुमारास उभ्या काठीची सावली नाहीशी होते. खगोलप्रेमी मंडळी दरवर्षी शून्य सावलीचा दिवस म्हणून तो पाळतात. घराच्या दृष्टीने या गमतीचा अर्थ गंभीर आहे. ऐन उन्हाळ्यात भर दुपारचे ऊन भिंतींवर जवळजवळ पडतच नाही, ते सगळे स्लॅबवर पडते. भिंतींना ऊन मिळते ते सकाळी पूर्वेच्या आणि तिसऱ्या प्रहरी पश्चिमेच्या. यातली पूर्वेची भिंत रात्रभर निवलेली असते आणि सकाळची हवाही मऊ असते. पश्चिमेच्या भिंतीचे तसे नाही. तिच्यावर ऊन येते तेव्हा हवा आधीच चाळिशीच्या पुढे गेलेली असते, आणि मग सूर्य खाली उतरत उतरत तिच्या तोंडावर सरळ येतो तो सातपर्यंत हलत नाही. जूनमध्ये तर तो पश्चिमेच्याही २५ अंश उत्तरेला मावळतो, त्यामुळे उत्तरेची भिंतही संध्याकाळी तिरपे ऊन खाते. घराची भिंत किती तापेल हे अशा रीतीने आधी दिशेने ठरते आणि मग रंगाने.

रंगाचा वाटा किती, याचा हिशेब मांडता येतो. मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेच्या भिंतीवर चौरस मीटरला ६०० वॅटच्या आसपास ऊन धरू. फिकट क्रीम त्यातले तिसऱ्या हिश्श्याहून थोडे जास्त शोषून घेईल, गडद कॉफी ८० टक्क्यांच्या आसपास. वाऱ्याने जाणारी उष्णता वजा केली तरी दोन्ही रंगांच्या पृष्ठभागांत दहा ते तेरा अंशांचे अंतर पडायला हरकत नाही. दुपारी हात लावला तर कॉफीच्या भिंतीवर तो ठेववणार नाही. पण गोष्ट इथे संपत नाही, कारण वीट सावकाश तापते. नऊ इंची विटांची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली भिंत बाहेरची उष्णता आत पोचवायला सहा ते आठ तास घेते. चार वाजता शोषलेले ऊन आतल्या बाजूला येते रात्री दहा, अकरा, बाराला, म्हणजे नेमके अंथरूण पडल्यावर. पश्चिमेला झोपण्याची खोली असणाऱ्यांची तक्रार म्हणूनच ‘दुपारपेक्षा रात्री जास्त उकडते’ अशी असते, आणि ती अक्षरशः खरी असते.

इथे चिकित्सक वाचक एक आक्षेप घेईल, आणि तो घ्यायलाच हवा. बाहेर तेरा अंशांचा फरक असला तरी आत पोचेपर्यंत त्यातले उरते किती? प्रामाणिक उत्तर असे की फार उरत नाही. वीट हा फरक पसरवून टाकते. आतल्या पृष्ठभागावर तो अंश-दोन अंशांचा राहतो. दहा फूट गुणिले बारा फुटांच्या भिंतीतून आत येणाऱ्या जादा उष्णतेची दिवसभराची सरासरी काढली तर ती ६० वॅटच्या एका जुन्या बल्बाइतकी भरते. बल्ब फार मोठा नाही. मात्र तो अख्खा उन्हाळा बंद होत नाही, आणि त्याचा जोर वाढतो तो रात्री, आपण त्याच्यापासून दोन हातांवर झोपलेले असताना. अकोल्यात मेअखेरच्या कित्येक रात्री पारा तिशीच्या खाली जायला तयार नसतो. अशा रात्री झोप लागणे न लागणे हे अंश-दोन अंशांवरच असते. शिवाय हा हिशेब नऊ इंची भिंतीचा झाला. हल्ली खर्च वाचवायला बाहेरची भिंतही कुठे कुठे चार इंची घेतात, आणि कॉलम-बीमच्या जागी तर निव्वळ काँक्रीट असते. तिथे उष्णता अधिक येते आणि लवकर येते. रंगाचा खर्च तर करायचाच आहे, मग फुकट मिळणारा थंडावा नाकारायचा कशासाठी?

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे: भिंतींचे काय घेऊन बसलात, घर तापते ते स्लॅबने. हे मान्यच करायला हवे. डोक्यावरचा सूर्य चौरस मीटरला हजार वॅटच्या जवळपास ऊन स्लॅबवर ओततो, आणि तो स्लॅब चार-पाच इंचांचा. ज्याच्याकडे थोडेच पैसे आहेत त्याने आधी गच्चीला चुना मारावा किंवा पांढरा परावर्तक रंग द्यावा, भिंतीचा विचार मग. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांची छपरे पांढरी करण्याचा उपक्रम हाती घेतला. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचे स्वतंत्र धोरणच आणले. वऱ्हाडाला हे सगळे लागू आहे. पण गच्ची सगळ्यांना नसते. चार मजली इमारतीत ती एकाच मजल्याच्या वाट्याला येते. खालच्या तिघांना फक्त भिंती. आणि स्लॅब पांढरा केला म्हणून पश्चिमेची भिंत कॉफी करायला मोकळीक मिळत नाही.

गडद रंगाच्या बाजूनेही एक शास्त्रीय मुद्दा आहे, तोही नीट ऐकावा. एलआरव्ही सांगतो फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाचे. सूर्याच्या उष्णतेतला निम्म्याच्या आसपास भाग न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो, आणि लोखंडी ऑक्साइडे त्यातला बराच परत पाठवतात. म्हणजे शुद्ध तांबड्या-पिवळ्या ऑक्साइडांचा विटकरी रंग दिसतो तितका तापत नाही. काजळीचा काळा मिसळून गडद केलेला चॉकलेटी मात्र दिसतो तितकाच तापतो, कारण काजळी दिसणारे आणि न दिसणारे दोन्ही गिळते. तेव्हा गडदच हवा असेल तर तांबूस अंगाचा गडद घ्यावा, काळपट अंगाचा टाळावा. पण यातून फार आशा बाळगू नये. याने विटकरी आणि कॉफी यांच्यात फरक पडतो. विटकरी आणि बदामी यांच्यातले अंतर बुजत नाही.

मग बाहेर गडद रंगाला जागाच नाही का? आहे, आणि ती सहसा कोणी देत नाही अशा ठिकाणी आहे. दक्षिणेची भिंत बघा. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर किंवा किंचित उत्तरेला, त्यामुळे मेअखेरपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत भर दुपारी तिच्यावर थेट ऊन नाहीच. एप्रिलमध्येही येते ते इतके उभे की एक-दीड फुटाचा छज्जा ते अडवतो. हिवाळ्यात उलटे. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे जेमतेम ४५ अंशांवर असतो आणि त्याचे ऊन दिवसभर याच भिंतीवर पडते. वऱ्हाडातल्या पौषातल्या रात्री चांगल्याच गार असतात. तेव्हा ज्या भिंतीला उन्हाळ्यात ऊन टाळता येते आणि हिवाळ्यात मिळते, ती गडद केली तर उलट थोडा लाभच. रस्त्याकडचे तोंड दक्षिणेला असलेल्या घराला विटकरी किंवा गडद गव्हाळ दर्शनी भाग शोभेल आणि उन्हाच्या हिशेबात महागही पडणार नाही. पश्चिमाभिमुख घराला तीच हौस नडेल. आणि अमरावती जिल्ह्यातच असूनही चिखलदऱ्यात हा सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागेल. सुमारे ११०० मीटर उंचीवर ऊन तितके जाळत नाही आणि थंडी मात्र झोंबते. तिथल्या घराला पश्चिमेलाही गडद रंग चालून जाईल. (महाराष्ट्रात कॉफी पिकते ती तिथेच, हा निव्वळ योगायोग.)

जुन्या घरांचा दाखला दोन्ही बाजूंचे लोक देतात, म्हणून तो तपासून घेतला पाहिजे. एक म्हणतो, वाडे तर आतून अंधारे आणि मातकट असत, तरी थंड असत. वाडे थंड होते ते दीड-दोन हात जाडीच्या मातीच्या भिंतींमुळे. एवढ्या जाड भिंतीतून दिवसाचे ऊन आत यायच्या आधीच रात्र तिला निववते, बाहेरचा रंग कोणताही असो. बाळापूरचा किल्ला पाहा. १७५७ मध्ये पुरा झालेल्या त्या किल्ल्याच्या विटांच्या उंच, भक्कम तटाला रंगाची फिकीर करायचे कारणच नव्हते. नऊ इंची भिंतीने त्याचे अनुकरण करू नये. शिवाय मातीच्या घरांचा रंग नेहमी गडद असे हेही खरे नाही. शेतातली काळी माती घराला कामाची नव्हती, ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. घरासाठी गावठाणातली, पांढरीची माती घेत आणि दिवाळीआधी त्याच फिकट मातीने किंवा चुन्याने भिंती पोतारत. खाली गुडघाभर किंवा कमरेइतका गेरूचा किंवा शेणाच्या सारवणाचा पट्टा, वर उजळ पोतारा. हीच विभागणी पुढे जिल्हा परिषदेच्या शाळांनी, एसटी स्थानकांनी आणि कचेऱ्यांनी ऑइलपेंटमध्ये उतरवली. आज कुणाला ती सरकारी वाटते, पण तिच्यात अनुभव मुरलेला आहे. जिथे पाठ टेकते, हात लागतात, चिखल उडतो तिथे गडद. जिथून उजेड यायचा तिथे फिकट.

उजेडाचा मुद्दा आला की आपण घरात शिरतो. आतल्या भिंतीवर ऊन पडत नाही, तेव्हा तिथे गडद रंगाने खोली तापते असे म्हणणे चूक ठरेल. आतला प्रश्न दुसरा आहे. वऱ्हाडात एप्रिल ते जून खिडकी म्हणजे उष्णतेची वाट. सकाळी नऊनंतर झडपा लावायच्या, पडदे ओढायचे, कूलरची खिडकी तेवढी उघडी ठेवायची, असा बहुतेक घरांचा शिरस्ता. म्हणजे आत जो थोडका उजेड येतो त्यातच दिवस काढायचा. तो उजेड भिंतीभिंतींवर आपटत खोलीभर फिरतो, आणि प्रत्येक वेळी भिंत त्यातला काही भाग गिळते. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली घ्या. छत पांढरे, फरशी मध्यम. भिंती बदामी असतील तर त्याच खिडकीतून येणारा उजेड कॉफीच्या भिंतींच्या तुलनेत ढोबळमानाने पावणेदोन पट भरतो. कपाटे आणि दारे धरली तरी दीडपटीच्या खाली जात नाही. याचा व्यवहारी अर्थ असा की फिकट भिंतींच्या खोलीत खिडकी अर्धी झाकूनही वाचता येते. गडद खोलीत मात्र पडदा सारावा लागतो, म्हणजे ऊन आत घ्यावे लागते, नाहीतर भर दुपारी ट्यूब लावावी लागते. ‘अंधाऱ्या खोलीत गार वाटते’ हे खरेच आहे. बाहेरच्या लाखभर लक्सच्या झळाळीतून आत आलेल्या डोळ्यांना अंधार हा आरामच असतो. पण तो अंधार पडद्याने केला तर उष्णता खिडकीशीच अडते आणि हवा तेव्हा दूरही करता येतो. भिंतीच्या रंगाने केलेला अंधार जुलैच्या झडीतही तिथेच राहतो, आणि आठ दिवस सूर्य दिसत नाही तेव्हा त्याचा जाच होतो.

फिकट रंगावरचा सगळ्यात जुना आक्षेप मळण्याचा. मुले, धूळ, कापसाचा फुफाटा, शेतातून येणारी गडीमाणसे. क्रीम भिंत दोन वर्षांत कळकट होते, असे घरोघरी ऐकू येते. त्यात तथ्य आहे, पण निष्कर्ष चुकीचा काढला जातो. भिंतीवर धूळ दिसते ती तिचा रंग भिंतीपेक्षा वेगळा असतो तेव्हा. काळ्या मातीची वाळलेली धूळ काळी नसते, ती राखाडीकडे झुकणारी फिकट तपकिरी असते. चॉकलेटी भिंतीवर, विशेषतः टेक्स्चरच्या उंचवट्यांवर, ती बुरशीसारखी पांढुरकी दिसते. शुभ्र भिंतीवर मळकट दिसते. बदामी-बिस्किटी भिंतीवर मात्र धूळ आणि भिंत एकमेकींच्या इतक्या जवळच्या की नजरेला चटकन सापडत नाही. गडद रंगाचा आणखी एक दोष वर्षा-दोन वर्षांनी उघडा पडतो. उन्हाने रंगातला चिकट भाग झिजला की पृष्ठभागावर बारीक पांढरी भुकटी सुटते. बदामीवर ती लपते, कॉफीवर हात फिरवावा तिथे रेघ उमटते. मळाचा मुद्दा अशा रीतीने गडदाच्या बाजूने जात नाहीच. तो जातो शुभ्राच्या विरोधात आणि मधल्या फिकटाच्या बाजूने.

आणि वऱ्हाडाचा एक खास शत्रू आहे, ज्याचा पुण्या-मुंबईच्या रंगसल्ल्यात उल्लेख सापडत नाही: खार. पूर्णेच्या दोन्ही तीरांनी अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात जमीन आणि विहिरी-बोअरचे पाणी दोन्ही क्षारयुक्त. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर या तालुक्यांत राहणाऱ्याला हे सांगायची गरज नाही. खाऱ्या पाण्यात कालवलेला गिलावा, भिंतीवर मारलेले तेच पाणी, आणि पायातून वर चढणारी ओल. हे पाणी भिंतीच्या पृष्ठभागावर येऊन उडून जाते आणि मीठ मागे ठेवते. भिंतीला लोणा धरतो तो असा. लोणा पांढरा असतो, त्यामुळे खालचा गडद पट्टा, जो एरवी शहाणपणाचा, इथे उलटा पडतो. चॉकलेटी ऑइलपेंटवर पांढऱ्या पापुद्र्यांचे नकाशे उमटतात. त्यात ऑइलपेंट भिंतीची वाफ कोंडतो, म्हणून ओल पट्ट्याच्या वर चढून तिथे रंग फोडते. तेव्हा खारपाणपट्ट्यात खालचा पट्टा हवाच असेल तर फार गडद घेऊ नये आणि वाफ जाऊ देणारा रंग घ्यावा. चुना अजूनही यात कुणाला हार जात नाही. मोर्शी-वरुडकडच्या संत्र्याच्या पट्ट्यात हा त्रास तुलनेने कमी, तिथे गेरूचा जुना पट्टा खुशाल ठेवावा. कूलरच्या खिडकीभोवतीची भिंत हे याच दुखण्याचे छोटे रूप. जड पाण्याचे तुषार उन्हाळाभर उडतात आणि सुकून पांढरे ओघळ ठेवतात. त्या दोन-तीन फुटांत गडद रंग देणे म्हणजे दर जूनमध्ये ब्रश हातात घेणे.

काळ्या मातीचाही वाटा यात आहेच. बेसाल्ट झिजून झालेली ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावर उथळ पायाने उभे राहिलेले घर दरवर्षी किंचित हलते. खिडक्यांच्या कोपऱ्यांतून निघणाऱ्या तिरप्या तड्यांचे मूळ बरेचदा यातच असते. गडद रंगाने तापणारी भिंत रोज अधिक प्रसरण पावते आणि काँक्रीट-विटेच्या सांध्यावर आणखी ताण आणते. तडा बुजवून वर रंगाचा हात दिला तर बदामीत ठिगळ सहसा लपते. गडद रंगात नवा-जुना भाग वेगळा दिसतो, आणि शेवटी अख्खी भिंत पुन्हा रंगवावी लागते. त्यातही यंत्रावर मिसळलेला गडद रंग फिकटापेक्षा बहुधा महाग, आणि एक हात जास्त मागणारा.

उरते ती आवड. गडद, उबदार भिंतींची छायाचित्रे बघून मन जाते, त्यात गैर काही नाही. पण ती छायाचित्रे बहुतेक थंड देशांतली असतात. तिथे संध्याकाळ लांबते, हिवाळ्यात दुपारी चारलाच दिवे लागतात, आणि कोपऱ्याकोपऱ्यात पिवळसर उजेडाचे छोटे दिवे असतात. त्या उजेडात चॉकलेटी भिंत ऊब देते. आपल्याकडे बैठकीत बहुधा एकच पांढरी एलईडी ट्यूब असते, ६५०० केल्व्हिनची, निळसर झाक असलेली. या उजेडात तांबूस-तपकिरी रंगाचा जीवच जातो. कॉफी राखेसारखी दिसू लागते. ज्याला गडद भिंत हवी त्याने आधी २७०० ते ३००० केल्व्हिनचे दिवे घ्यावेत, मग रंगाचा डबा. दिवे तेच ठेवून रंग बदलायचा असेल तर फिकट बदामी अधिक माफ करणारा आहे. आणि गडदाला घरात जागा आहेच: पलंगाच्या डोईकडची आतली भिंत, जिना, देवघराची मागची बाजू, बोळाचे टोक, जिथे थेट ऊन नाही, उजेडाची भूक नाही आणि दिवस काढायचा नाही. अशा एखाद्या भिंतीने फिकट घराला उठाव येतो. चारही भिंती गडद केल्या की उठाव जातो, कारण उठावाला शेजारी फिकट लागते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरलने १८३९ मध्येच दाखवले होते की रंग एकटा दिसत नाही, तो शेजाऱ्याच्या संगतीत दिसतो.

त्याच कारणाने शेड कार्डावरच्या बोटभर चौकोनावर विश्वास ठेवू नये. पांढऱ्या कागदावरचा बदामी चौकोन जितका सौम्य वाटतो, तितका तो चार भिंतींवर राहत नाही. मोठ्या क्षेत्रावर रंग अधिक ठसठशीत होतो. बिस्किटी म्हणून घेतलेला रंग पिवळा निघतो तो यामुळे. लहान डबा आणून पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर आणि आत खिडकीसमोर दोन-दोन फुटांचे पट्टे ओढावेत, आणि ते सकाळी, दुपारी तीनला आणि रात्री ट्यूबखाली बघावेत. दोन छटांत मन अडकले तर बाहेर फिकट आणि आत त्याहून पायरीभर गडद घेतलेला चालतो. उलटे करू नये. वेळेचाही एक मुद्दा आहे. दिवाळीआधी रंगकाम करायची चाल चुन्याच्या काळातली. चुन्याला किंचित ओली भिंत सोसते, आजच्या प्लास्टिक इमल्शनला सोसत नाही, आणि पावसाळ्यात प्यालेले पाणी आश्विनापर्यंत भिंतीत असतेच, खारपाणपट्ट्यात तर नक्कीच. मे महिन्यात भिंत इतकी तापते की रंग ब्रशखालीच सुकतो आणि नीट धरत नाही. भिंत कोरडी आणि हवा बेताची असते ती डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी, आणि त्या दिवसांत तुरीच्या हंगामामुळे मजूर मिळायला थोडा वेळ लागतो, तेव्हा रंगाऱ्याला दिवाळीतच सांगून ठेवलेले बरे.